ऐंशीच्या गाडीला दोनशे दहाचे टायर

टायरच्या कडेला आकड्यांच्या शेवटी ‘एच’ आहे. १८५/६५ आर १५, ८८ एच. त्यातलं ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो वजन चालतं आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत तो दम धरतो. माझी गाडी अर्टिगा सीएनजी, पिवळी पाटी, केए २२ म्हणजे बेळगावचं पासिंग, आणि वेग अडवणारा गव्हर्नर ८० वर बसवलेला. ८० झाले की पाय फळीला टेकवा नाहीतर देवाला नारळ बोला, गाडी पुढं रेटत नाही. असल्या गाडीला मी गेल्या वर्षी मे महिन्यात ‘ऑल सीझन परफॉर्मन्स’ टायर घातले. जुने चार देऊन वर २५,६०० रुपये. बायकोनं एवढंच विचारलं, “परफॉर्मन्स कुणाचा म्हणे, टायरचा का दुकानदाराचा?”

आता दहा महिने आणि ३४ हजार किलोमीटर झालेत, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. चारातला एक टायर सध्या त्यांच्याकडं तपासणीला गेलाय, आणि निकाल लागायच्या आधी नाव घेऊन बोंब मारणं मला पटत नाही. ते पुढं येईलच.

माझी भाडी म्हणजे सांबऱ्याहून विमानाची माणसं, लग्नसराई, पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, रविवारी जोतिबा आणि आठवड्यातून दोनदा तरी चोर्ला घाटातून गोवा. म्हणजे एकाच आठवड्यात जांबोटीची लाल माती, सौंदत्तीची काळी माती, पुण्या-बेंगळूरचा हायवे आणि बेळगावातले सिमेंटचे रस्ते. टायरची परीक्षा घ्यायला वेगळं कुठं जावं लागत नाही.

गाडीबरोबर आलेले टायर ५८ हजार चालले. नक्षीच्या खाचेत तळाला रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजत झिजत त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. आमच्या स्टँडवर पट्टी कुणी बघत नाही, तार दिसली की बघतात. मीही त्यातलाच. पण गेल्या साली पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि पिरनवाडीच्या वळणावर, रिकामी गाडी, जेमतेम ३०चा वेग, मागची बाजू अशी हळूच बाजूला गेली, जणू कुणी ढकलली. समोर शाळेची भिंत होती. काही झालं नाही. पण घरी येऊन मी मोबाइलच्या उजेडात चारही टायर बघितले आणि दुसऱ्या दिवशी उद्यमबागेच्या बाजूला एका दुकानात जाऊन उभा राहिलो.

दुकानातली एक गोष्ट सांगतो, ती घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे. टायरवर एका बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला आधी दाखवले त्यांवर ३१२३ होतं. म्हणजे २०२३चा ३१वा आठवडा, जवळजवळ दोन वर्षं गोडाऊनमध्ये बसलेला माल. रबर नुसतं बसूनही म्हातारं होतं. मी म्हटलं, ताजे काढा. मालक म्हणाला, तेवढेच आहेत. मी गाडीची किल्ली हातात घेतली तशी पोऱ्या आतून ०९२५वाले चार घेऊन आला. मालकानं छताकडं बघितलं, मी टायरकडं बघितलं. नव्या टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, त्यावरून हात फिरवला. अजून एकही तुटलेला नव्हता.

पोऱ्यानं विचारलं, “अण्णा, नायट्रोजन मारूया?” साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो की. मी फुकटची हवा भरून घेतली. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच, टायर थंड असताना. स्टँडवरची पद्धत वेगळी. घाटात जायचं म्हणून चार पॉइंट जास्त मारायची. जास्त हवेनं टायर मध्येच फुगतो, जमिनीला टेकतो तो भाग कमी होतो आणि पावसात नेमकी तीच जागा कमी पडते. हे मी आमच्या मेव्हण्याला तीन वर्षं सांगतोय. तो ऐकत नाही.

दुसरी गोष्ट घरी आल्यावर कळली. या टायरची नक्षी डाव्या-उजव्या अर्ध्यात सारखी नाही. बाहेरच्या बाजूला जाड ठोकळे, आतल्या बाजूला पाणी काढायच्या खाचा जास्त. म्हणून एका अंगाला ‘आउटसाइड’ असं छापलेलं असतं, ते अंग गाडीच्या बाहेर दिसलं पाहिजे. संध्याकाळी गाडी धुताना तीन चाकांवर ते दिसलं, चौथ्यावर दिसेना. वाकून बघतो तर आत. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

“कायबी फरक पडत नाही ओ अण्णा.”

“पडत नाही तर कंपनीनं छापलंय कशाला रे?”

गप्प बसून टायर उलटा केला, बॅलन्सिंग परत केलं, पैसे मागितले नाहीत. मीही पुढं काही बोललो नाही, कारण पोरगा दिवसभरात किती टायर फिरवत असेल देवाला ठाऊक. पण तुम्ही दुकानातच उभं राहून हे बघून घ्या.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवा टायर जरा सटकतो. साच्यातून सुटावा म्हणून जे लावलेलं असतं त्याचा पापुद्रा वर राहतो, तो घासून जावा लागतो. तेवढे दिवस मी गावातलीच भाडी केली.

आता खरी गोष्ट. आषाढ संपत आला होता. टिळकवाडीतले काका-काकू, पणजीला मुलीकडं निघालेले. पहाटे साडेचारला गाडी भरली. जांबोटीपर्यंत नुसता पाऊस, कणकुंबी सोडलं की पाऊस आणि धुकं दोन्ही. तिथला पाऊस कधी बघितला नसेल त्यांना सांगून कळायचं नाही. वायपर पूर्ण जोरात असतो आणि तरी काच धुतल्यासारखी दिसते, पुसल्यासारखी नाही. मलप्रभा तिथं उगम पावते ते काही उगाच नाही. मी ४०च्या आत होतो. हेडलाइट डिपरवर, कारण धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंतच उभी राहते.

डाव्या हाताचं एक उताराचं वळण घेतलं आणि रस्त्यात म्हशी. उभ्या नाहीत, बसलेल्या. पावसाळ्यात जनावरं डांबरावर येऊन बसतात. खाली चिखल नसतो, वारा लागतो, माश्या कमी. काळं डांबर, काळी रात्र, काळ्या म्हशी. दिसलं काय, तर डोळे. दोन, मग चार, मग सहा.

ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा. जुन्या टायरवर अशा वेळी पायाखाली लगेच टकटकटकटक सुरू व्हायची. ती एबीएसची असते, चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक सोडते-धरते. ती टकटक सुरू झाली याचा अर्थ टायरनं हात टेकले. त्या दिवशी टकटक आली ती अगदी शेवटाला, दोनदा, आणि गाडी थांबली. सरळ थांबली, तोंड फिरलं नाही. अंतर किती उरलं ते फुटपट्टीनं कोण मोजतंय, पण पुढच्या म्हशीच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ मला हेडलाइटात दिसत होती. काकूंच्या मांडीवरचा कुंद्याचा डबा पुढच्या सीटच्या पाठीला धाडकन आपटला. काका जागे झाले.

“कणकुंबी आलं काय?”

“कणकुंबी मागं गेलं काका. म्हशी आल्यात.”

हॉर्न दिला तरी म्हशी हलेनात. शेवटी मी भिजत खाली उतरलो, एकीच्या पाठीवर थाप मारली तेव्हा ती अशी उठली, जणू मी तिच्या घरात न विचारता शिरलोय. परत गाडीत बसताना चप्पल त्या रस्त्यावर सर्रकन सरकली, दार धरलं म्हणून वाचलो. तेव्हा कळलं की ज्या डांबरावर माणूस उभा राहू शकत नाही तिथं तेराशे-चौदाशे किलोची गाडी थांबली होती. २५,६०० रुपये माझ्या दृष्टीनं तिथंच वसूल झाले. बाकीचं लिहितोय ते वरकड.

कारण फार गूढ नाही. रबरात काजळीबरोबर सिलिका घालतात, त्यानं ओल्यात पकड वाढते. शिवाय ठोकळ्यांवर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. टायर टेकला की त्या उघडतात, पाण्याचा पातळ थर फोडतात. आणि रुंद उभ्या खाचा पाणी मागं फेकतात. हायवेवर काकतीच्या पुढं रस्त्याच्या कडेला पाणी साचतं, तिथं जुन्या टायरवर स्टेअरिंग एकदम तूप लावल्यागत हलकं व्हायचं. हलकं झालं म्हणजे टायर पाण्यावर तरंगतोय, रस्त्यावर नाही. नव्या टायरवर या पावसाळ्यात तसं एकदाच झालं, आणि त्यात माझीच घाई होती.

टायरच्या कडेला ‘एम अधिक एस’ अशीही खूण आहे. चिखल आणि बर्फ. बाहेरच्या देशांत थंडी ७ अंशांच्या खाली गेली की साधं रबर कडक होतं, म्हणून तिकडं हिवाळ्याचे टायर वेगळे. ज्यांना दोन जोड परवडत नाहीत वा बदलायचा कंटाळा त्यांच्यासाठी हे ऑल सीझन. आमच्याकडं बर्फ फ्रीजमध्ये. डिसेंबरात पहाटे कणकुंबीला दात वाजतात, पण टायरला त्याची खबरही लागत नाही. राहिला चिखल.

चिखल दोन जातीचा असतो हे टायर बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. जांबोटी-खानापूरकडचा लाल चिखल हा टायर छान फेकतो. चाकाचे दोन फेरे झाले की नक्षी परत स्वच्छ. फक्त जांभ्याची बारीक खडी खाचांत अडकते आणि मग गावातल्या सिमेंटवर टकटकटक वाजत राहते. रात्री गाडी लावली की मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पायरीवर बसतो आणि ती खडी काढतो. आमची धाकटी त्याला ‘टायरचे दात घासणे’ म्हणते. जुन्या टायरला हा उद्योग नव्हता.

काळा चिखल मात्र वेगळा प्राणी. नवरात्रात सौंदत्तीचं भाडं होतं, आधी दोन दिवस पाऊस झालेला. पार्किंगच्या शेतात गाडी घातली आणि काढताना फसली. काळी माती नक्षीत अशी भरली की चारही टायर पुरणपोळीसारखे सपाट. एम-एस काय आणि एच काय, चाक जागच्या जागी फिरतंय. सात बायका खाली उतरल्या, पदर खोचले, ‘उदो उदो’ म्हणत ढकलली तेव्हा गाडी सुटली. म्हणजे पकड यल्लम्माची. टायरला दोष देत नाही. तिथं ट्रॅक्टरचाच टायर पाहिजे. पण दुकानात कुणी ‘कुठंही घाला, काढून आणतो’ म्हणालं तर हसा.

ऊसाच्या दिवसांत संकेश्वर-हुक्केरीकडं हाच काळा चिखल ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर डांबरावर येतो, त्यावर पाचटाचा थर, त्यावर पहाटेचं दव. दिसायला सुका रस्ता, प्रत्यक्षात साबण. तिथं या टायरनं बरी साथ दिली, पण मी वेग कमी ठेवूनच. एवढ्यावरून टायरला श्रेय देणं बरोबर नाही.

आता कुरकुर. आवाज. चार पदरी रस्त्यावर ७०च्या पुढं गेलं की खालून एकसुरी गुणगुण सुरू होते. डांबर गुळगुळीत असेल तर गाणं बारीक ठेवलं तरी चालतं, पण सिमेंटवर नको होतं. पहिल्या महिन्यात एवढी नव्हती, आता नक्षी झिजली तशी वाढलीय. कोल्हापूरचे एक पाहुणे मागं बसले होते, तवंदी घाट येईपर्यंत गप्प, मग म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, मागचं बेअरिंग गेलंय बघा तुमचं.” मी सांगितलं टायरचा आवाज आहे. त्यांना पटलं नाही. निपाणीला चहाला थांबलो तर स्वतः वाकून चाक हलवून बघितलं. बेअरिंग ठणठणीत होतं, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात शंका राहिली ती राहिलीच. भाड्याच्या गाडीला हे परवडत नाही. म्हशीसमोर गाडी थांबली ते काकांना झोपेत कळलंही नाही, आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येतो.

सीएनजी थोडा जास्त लागतो. आधी किलोला साडेतेवीस-चोवीस पडायचे, आता तेवीसच्या जरा आत. पकड पाहिजे तर ही किंमत मोजावी लागते. नक्षी नवी होती तेव्हा ८ मिलिमीटर, परवा मोजली ती पुढं ४ आणि मागं साडेचार. म्हणजे ५०-५५ हजाराला राम म्हणणार. जुने जरा जास्त चालले होते. दर ८ हजाराला पुढचे मागं, मागचे पुढं केलेत, अलाइनमेंट दोनदा. उन्हाळ्याचा अनुभव अजून यायचाय. घेतले तेव्हापासून वळीव आणि पाऊसच लागला, आणि हे लिहितोय तेव्हा शिमगा नुकताच झालाय. तेव्हा ऑल सीझनमधला एक सीझन बाकी आहे असं समजा.

आणि एक जखम आहे ती टायरची नाही. मी घेतले तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबरला तो १८ झाला. चार महिने थांबलो असतो तर दोन हजारांच्या आसपास वाचले असते, पण तोवर पिरनवाडीची ती भिंतही थांबली पाहिजे होती.

आता त्या तपासणीला गेलेल्या टायरचं. जानेवारीत रात्री संकेश्वरहून हुक्केरीकडं येताना पुढं ऊसाची दुहेरी ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. बाजू काढायला गेलो तर समोरून लाइट आला, परत डावीकडं दाबली आणि पुढचं डावं चाक डांबराच्या तुटक्या कडेवर चढलं-उतरलं. आवाज असा आला की पोटात खड्डा पडला. हवा गेली नाही. घरापर्यंत आलो. सकाळी बघतो तर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. आतले दोरे तुटले की हवा रबराला बाहेर ढकलते, त्याचा तो फुगा. पंक्चरवाला म्हणाला, “आतून पॅच मारून देतो की, दोन महिने निघतील.” कडेला पॅच चालत नाही. तो फुगा ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी मी चोर्ल्यात असेन का संकेश्वरात, हे मला कोण सांगणार? स्टेपनी चढवली.

इथं मला टायरचा खरा कमकुवतपणा दिसतो. कड मऊ आहे. म्हणूनच खड्ड्यावर गाडी आदळत नाही, मागच्या सीटवरची म्हातारी माणसंही चांगली बसली असं म्हणतात. पण आमच्या रस्त्यांच्या कडा सुरीसारख्या आहेत. तसल्याच खड्ड्यांत जुन्या टायरनं ५८ हजार काढले, एक फुगा आला नाही. आता ती कड नेहमीपेक्षा धारदार होती का, मी जास्त जोरात होतो का, देव जाणे. तपासणारा म्हणेल आपटलेला टायर वॉरंटीत बसत नाही, आणि बरोबर म्हणेल कदाचित. मला फक्त ते कागदावर पाहिजे. दुकानदारानं टायर ठेवून घेतला, पावती दिली, कंपनीचा माणूस येऊन बघेल म्हणाला.

कुणी विचारलं घेऊ काय, तर मी एकच विचारतो: पावसाळ्यात घाट आहे काय तुझ्या वाट्याला? खानापूर, जांबोटी, चंदगड, आंबोलीकडं जाणं-येणं असेल तर घे, आवाज सहन कर. अथणी-रायबागकडचा असशील, वर्षातून एकदा गोव्याला जात असशील, तर साधा, जाड कडेचा टायर घे आणि उरलेल्या पैशात पोरांना बूट घे. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागं घाल. स्टँडवर सगळे पुढं घालायला सांगतील. पुढचं चाक सटकलं तर हातात कळतं, आवरता येतं; मागचं सटकलं की कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. मला विचारा.

सध्या तीन नवे आणि डाव्या पुढच्या चाकाला स्टेपनीतला, गाडीबरोबर आलेला जुना टायर, अशी गाडी चालतेय. ओल्यात अशी चालवणार नाही, मिरगाच्या आत काहीतरी करावं लागेल. काल परत दुकानात फोन केला.

“रिपोर्ट येऊलालाय अण्णा, या आठवड्यात नक्की.”

जानेवारीपासून हा सहावा आठवडा.